आलापल्लीच्या शेडमध्ये रॅलीची गाडी

आलापल्ली हे फाट्यांचं गाव. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि आष्टीमार्गे चंद्रपूर-गडचिरोली, अशा सगळ्या दिशांचे रस्ते इथून फुटतात. जंगलातला साग, तेंदूपत्ता, सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज आणि बाजाराला निघालेली माणसं याच रस्त्यांवरून जातात. खनिजाच्या अवजड ट्रकांनी डांबराची पार चाळण केली आहे. पावसाळ्यात वाटेतले नाले भरले की पलीकडची गावं तुटतात. अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वाट पाहून भागत नाही. म्हणून रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग, स्प्रिंगच्या पाट्यांचं काम, गिअरबॉक्स उतरवणं, तुटलेल्या चेसिसला पट्टी मारणं ही सगळी कामं इथले मिस्त्री रोज करतात.

मग याच शेडमध्ये रॅलीची गाडी बांधता येईल का? विदर्भातल्या तरुणांच्या मनात हा प्रश्न आहे. जुनी जिप्सी किंवा एस्टीम घेऊन काहीतरी करायचं, इतकं अनेकांचं ठरलेलं असतं. पुढचं धूसर असतं. या प्रश्नाच्या सगळ्या बाजू पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की गाडीतला कष्टाचा भाग आलापल्लीत उत्तम होईल, चालकाचा जीव वाचवणारा भाग नियमपुस्तक उघडं ठेवूनच करावा लागेल, आणि खरी अडचण शेडच्या बाहेर आहे.

आधी रॅलीची गाडी म्हणजे काय ते पाहू. सर्किटवरची रेसिंग कार गुळगुळीत ट्रॅकवर फेऱ्या मारते. रॅलीची गाडी कच्च्या किंवा डांबरी रस्त्यांचे बंद केलेले टप्पे एकेकटी, घड्याळाशी शर्यत करत पार करते. हे झाले स्पेशल स्टेज. एका स्टेजवरून दुसऱ्याकडे जाताना तीच गाडी सार्वजनिक रस्त्यावरून, वाहतुकीचे सगळे नियम पाळत जाते. शेजारी नॅव्हिगेटर असतो आणि तो पुढच्या वळणाच्या नोंदी वाचून दाखवतो. म्हणजे ही गाडी एकाच दिवशी शर्यतीची असते आणि रस्त्यावरचीही. पुढच्या बऱ्याच अडचणी या दुहेरीपणातून निघतात.

महाराष्ट्राला हा खेळ परका नाही. १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमधल्या गाड्या तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि खैबरखिंड ओलांडून मुंबईला पोचल्या आणि इथून ‘चुसान’ जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. ती स्पर्धा अँड्र्यू कोवान यांनी हिलमन हंटर या साध्या कुटुंबवापराच्या गाडीने जिंकली. १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली आणि तिच्या पहिल्या वर्षी गाड्या ब्रेबर्न स्टेडियमवरून निघाल्या. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद १९८८ पासून भरतं. नाशिकच्या वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनने या अजिंक्यपदाच्या फेऱ्या नाशिक परिसरात घेतल्या आहेत. पुण्याचे संजय टकले आशियाई स्पर्धांमधून पुढे गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सौदी अरेबियातली डकार क्लासिक ही जुन्या गाड्यांची स्पर्धा पूर्ण केली. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. ती वेगाची रॅली नाही, चिखल-ओढ्यातली फोर-व्हील-ड्राइव्हची कसोटी आहे. पण घरच्या घरी बांधलेल्या जिप्सी, जिपा आणि थार एकत्र पाहायच्या असतील तर तिच्याइतकी जवळची जागा नाही.

या नकाशात विदर्भ जवळजवळ कोरा आहे. गाड्या बांधण्याचं केंद्र दक्षिणेत राहिलं. कोइम्बतूरचे एन. लीलाकृष्णन स्वतः राष्ट्रीय विजेते होते आणि त्यांच्या वर्कशॉपमधून वर्षानुवर्षं रॅलीच्या गाड्या तयार होऊन बाहेर पडल्या. कोइम्बतूरला पंप, मोटर आणि ओतकामाचा उद्योग आधीपासून होता. तेच लेथ, तेच कारागीर या खेळाच्या कामी आले. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे सगळं आहे आणि मोटरस्पोर्टची ओढही आहे. चंद्रपूरला कोळसाखाणींमुळे अवजड यंत्रांची दुरुस्ती करणारे हात आहेत. ते या खेळाकडे वळलेले नाहीत, एवढंच.

आता गाडीकडे येऊ. आलापल्लीतून सुरुवात करायची तर मी डोळे मिटून जिप्सी निवडेन, आणि त्याचं कारण ताडोबात आहे. मोहर्लीच्या गेटवर पर्यटकांना घेऊन उभ्या असलेल्या उघड्या गाड्या म्हणजे जिप्सीच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या किती तरी मिस्त्रींना ही गाडी तोंडपाठ आहे. मारुतीने ती १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह आणली. १९९६ मध्ये १२९८ सीसीचं जी-१३ इंजिन बसवलेली जिप्सी किंग आली. सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ मध्ये थांबली. शिडीसारखी चेसिस, पुढेमागे सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे, आणि वजन साधारण एक टन. जंगलात संथ चालणारी हीच गाडी हिमालयातल्या रॅलींमध्ये दोन-तीन पिढ्या पळाली. मनालीचे सुरेश राणा रेड द हिमालय ही स्पर्धा अनेकदा जिंकले, त्यांची सुरुवातीची ओळख जिप्सीशीच जोडलेली आहे. सुटे भाग अजून मिळतात आणि इंजिन कोणताही जाणता मिस्त्री खोलून बसवू शकतो. नव्या माणसाला यापेक्षा चांगली शाळा नाही.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी हवी असेल तर जुनी एस्टीम. तिचं इंजिन जी-१३ कुटुंबातलंच आहे आणि १६०० सीसीच्या बलेनोसह ती राष्ट्रीय रॅलींमध्ये बराच काळ पळाली. पोलो वगैरे नंतरच्या गाड्या वेगवान आहेत, पण त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स गावच्या शेडमध्ये हाताळणं जड जातं.

गाडी आली की नवखा माणूस पहिला हात इंजिनाला घालतो. तिथेच पैसा आणि उमेद दोन्ही संपतात. योग्य क्रम असा: आधी बॉडी आणि केज, मग सस्पेन्शन, ब्रेक, चाकं, त्यानंतर वायरिंग, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. कच्च्या रस्त्यावर दहा-वीस अश्वशक्ती वाढवून जे मिळतं त्याहून जास्त चाकं जमिनीला चिकटून राहिल्याने मिळतं.

बॉडी म्हणजे पहिले काही आठवडे निव्वळ उकलण्याचं काम. सीट, कार्पेट, छताचं अस्तर, आवाज रोखणारा डांबरी थर, सगळं काढायचं. उघड्या पत्र्यावर कारखान्यातले स्पॉट वेल्ड ठिपक्यांसारखे दिसतात. रॅलीच्या धक्क्यांनी हे ठिपके सुटू लागतात, म्हणून एस्टीमसारख्या बिनचेसिसच्या गाडीत जोडांवर थोड्या थोड्या अंतराने वेल्डिंगचे टाके मारतात. जिप्सीला चेसिस असल्याने तिच्यात पत्र्यापेक्षा बॉडीचे माउंटिंग, पाट्यांच्या शॅकलची घरं आणि स्टिअरिंग बॉक्सची बैठक तपासायची असते. खाणीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या चेसिसला नेमके कुठे तडे जातात, हे आलापल्लीच्या वेल्डरला पुस्तकात वाचावं लागत नाही. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून काढून आतल्या बाजूने न्यायच्या, कारण खालून उडालेला एक दगड ब्रेक निकामी करू शकतो. इंजिनखाली जाड अ‍ॅल्युमिनियमचा नाहीतर पोलादी गार्ड लावायचा.

आता केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या दोघांभोवती उभा राहणारा पोलादी पिंजरा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण घरगुती कामात माणसं मरतात ती याच ठिकाणी.

गावात फाटक, ग्रिल, ट्रॉलीचे सांगाडे बनतात ते ईआरडब्ल्यू पाइपचे. ही पट्टी वळवून, कडेला शिवण मारून केलेली नळी असते. आत बोट फिरवलं की ती उभी शिवण हाताला लागते. गाडी उलटून पाइप चेपू लागला की त्या शिवणीवर त्याचा भरवसा राहत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयएचा नियम स्पष्ट आहे: बिनसांध्याचा, थंड ओढकाम केलेला साध्या कार्बन पोलादाचा पाइप. कार्बन ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन हवी. मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी. बाकीच्या नळ्यांना ३८ व्यास आणि २.५ जाडी किंवा ४० व्यास आणि २ जाडी चालते. बाजारात हा पाइप ‘सीडीएस’ नावाने मिळतो. नागपूरच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे मागितला तर गिरणीचं चाचणी-प्रमाणपत्रही मिळतं.

पाइप वाकवणं ही पुढची पायरी. वाळू भरून, गॅसने तापवून पाइप वळवण्याची गावठी रीत इथे चालत नाही. तापवल्याने थंड ओढकामाची ताकद जाते आणि आतल्या वळणाला सुरकुत्या पडतात. मध्यरेषेवर मोजलेली वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, आणि वळणही थंडच हवं. त्यासाठी मँड्रेल असलेलं बेंडिंग मशिन लागतं. ते आलापल्लीत शोधण्यात वेळ घालवू नये. तारेचा नाहीतर पीव्हीसीचा साचा गाडीत बसवून नेमकी मापं घ्यावीत, पाइप नागपूरला वाकवून आणावा आणि जोडकाम घरी करावं.

आणि पाय. पिंजऱ्याचा पाय जिथे गाडीला टेकतो तिथेच सगळा भार उतरतो. पातळ पत्र्यावर नुसता पाय जोडला तर गाडी उलटताना पाइप शाबूत राहतो आणि पत्रा फोडून खाली घुसतो. म्हणून पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची प्लेट हवी. बोल्टने बसवायचं असेल तर एका पायाला किमान तीन, एम-८ मापाचे, ८.८ प्रतीचे बोल्ट. बोल्ट हातात घेऊन त्याचं डोकं पाहा. ८.८ हे आकडे तिथे ठोकलेले असतात. पहिला आकडा सांगतो की ताणशक्ती साधारण ८०० मेगापास्कल आहे, दुसरा सांगतो की तिच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट दारंखिडक्यांसाठी ठेवावा. डोक्याजवळच्या नळ्यांना ठरवून दिलेलं पॅडिंग लागतं. उघडा पिंजरा आणि हेल्मेट नसलेलं डोकं एकत्र आले तर छोट्या धडकेतही कवटी फुटू शकते. म्हणून केज बसवलेली गाडी रोज बाजारात नेऊ नये.

सीट आणि बेल्ट मात्र विकतच घ्यावेत. इथे कारागिरीला जागा नाही. बेल्टला मुदत असते, बाहेरून धड दिसला तरी त्याचे धागे ऊन-घामाने कमजोर झालेले असतात. जुनी मुदत संपलेली सामग्री स्वस्तात मिळते आणि तपासणीत ती बाद होते. विद्युत प्रवाह एकदम तोडणारा मुख्य स्विच, आतून-बाहेरून हाताला येईल असा, आणि निळ्या त्रिकोणातली तांबडी वीज ही त्याची खूण. आगीसाठी हाताशी विझवणी यंत्र. या वस्तूंवर पैसा वाचवणाऱ्याला मी गाडी बांधायलाच नको म्हणेन.

सस्पेन्शनमध्ये आलापल्लीचं ज्ञान कामी येतं, पण ते उलटं फिरवावं लागतं. इथल्या कोणत्याही पाटेवाल्याकडे अर्धा तास उभं राहा. ट्रकचा पाट्यांचा गठ्ठा खाली उतरतो, यू-बोल्ट सैल होतात, सेंटर बोल्ट निघतो, पाटे एकेक करून जमिनीवर मांडले जातात आणि तुटलेल्याच्या जागी नवा घालून वर एक जादा पाटा चढतो, कारण मालकाला जास्त माल भरायचा असतो. जादा पाट्याने गाडी ताठ होते. ताठ गाडी खड्ड्यावरून उसळते, चाक हवेत जातं आणि हवेतल्या चाकाला ना वळता येतं ना थांबता. रॅलीसाठी उलट करायचं. पाटे कमी आणि लवचीक ठेवायचे, दोन पाट्यांमधलं घर्षण कमी करायचं, चाकाला वरखाली जास्त जागा द्यायची. मग उसळी आवरण्याचं काम शॉकअपवर पडतं.

शॉकअपमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. एटापल्लीकडच्या उखडलेल्या रस्त्यावर साधा शॉकअप थोड्याच किलोमीटरमध्ये इतका तापतो की तेलात फेस होतो. फेस दाब धरत नाही, गाडी होडीसारखी डुलायला लागते. नायट्रोजनचा दाब असलेल्या शॉकअपमध्ये तेलात सहजी बुडबुडे होत नाहीत. हे शॉकअप महाग असतात आणि अख्ख्या गाडीत केजखालोखाल खर्च करण्याची जागा हीच आहे. घरी करता येण्यासारखं म्हणजे शॉकअपचे खांब भक्कम करणं, बुश बदलणं आणि बम्प स्टॉप योग्य उंचीवर बसवणं.

ब्रेकसाठी ताजं द्रव, चांगले पॅड आणि नव्या नळ्या एवढं पहिल्या वर्षी पुरे. इंजिनाला पहिल्या वर्षी निरोगी करावं, फुगवू नये. कम्प्रेशन चारही सिलेंडरना सारखं आहे का, तेलाचा दाब टिकतो का, रेडिएटर साफ आहे का, ते पाहावं. या भागातली धूळ मात्र वेगळा विषय आहे. खनिजाची लालसर, बारीक पूड एअर फिल्टरच्या घराच्या फटीतून आत गेली की पिस्टन-रिंग काही दिवसांत घासून जातात. फिल्टरचं तोंड उंच, कोरड्या जागी घ्यावं आणि प्रत्येक सांधा सील करावा. कॅमशाफ्ट, इसीयू, वाढीव कम्प्रेशन हे सगळं दुसऱ्या हंगामाचं काम.

आता शेडबाहेरची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठाम केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १८९ राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करायला बंदी घालतं. साधा विमा संघटित शर्यतीत झालेलं नुकसान भरून देत नाही. स्पर्धेसाठी बदललेली गाडी आणि हौसेखातर भोंगे लावलेली गाडी यांत कलम ५२ फरक करत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. सुरक्षेसाठी बसवलेला केज आणि दिखाव्याचा बंपर एकाच मापाने मोजले जातात. अनेक देशांत स्पर्धेच्या गाडीची तपासणी होऊन तिला स्वतंत्र कागद मिळतो. आपल्याकडेही देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या तपासनिसाने पास केलेल्या गाडीला, स्पर्धेच्या दिवसांपुरता का होईना, असा कागद मिळायला हवा. तोवर गाडी ट्रेलरवर किंवा ट्रकमध्ये घालून नेणं हाच सरळ मार्ग आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली होती. २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच वेळी लिहिलं की नियमांमुळे ही गाडी रस्त्यावर चालू दिली जाणार नाही. पुढे त्या जीपच्या बदल्यात कारागिराला बोलेरो मिळाली. आपल्याकडे हाताच्या कसबाचं कौतुक होतं, पण त्याला तपासून, सुधारून पुढे न्यायची व्यवस्था उभी राहत नाही, हे त्या प्रसंगात सगळ्यांना दिसलं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र अशी एक व्यवस्था आहे. २००७ मध्ये पिथमपूरला सुरू झालेल्या बाहा स्पर्धेत मुलं पाइपची चौकट स्वतः बांधतात, तपासनीस प्रत्येक जोड पाहतात आणि न जमल्यास गाडी परत पाठवतात. महाराष्ट्रातली किती तरी महाविद्यालयं तिथे जातात. आयटीआयचा वेल्डर आणि गॅरेजचा मिस्त्री मात्र या दाराबाहेरच राहतो, आणि ज्याच्या हातात सगळ्यात जास्त कसब आहे तोच वगळला जातो, याचं मला वाईट वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गडचिरोलीचे रस्ते पाहून इथे जंगलात रॅली भरवावी असं कोणाला सुचेल. ते होऊ नये. आलापल्लीजवळचं ‘वनवैभव’ हे २०१४ मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ आहे. चपराळा आणि भामरागड अभयारण्यं जवळ आहेत. भरधाव गाड्यांचा आवाज आणि धूळ या जंगलाला नको, आणि रस्त्यावरून पायी बाजाराला जाणाऱ्या माणसांनाही नको. खनिजाच्या ट्रकांखाली या भागाने पुरेसे जीव गमावले आहेत. जागा हवी असेल तर चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातली मोकळी औद्योगिक जमीन शोधावी. तिथे खुणेचे शंकू लावून, एका वेळी एकच गाडी सोडून ऑटोक्रॉस भरवता येते. त्याला जंगल लागत नाही, रस्ता बंद करावा लागत नाही, आणि नवख्या चालकाला गाडी पारखायची संधी मिळते. त्याआधीची पायरी म्हणजे टीएसडी रॅली: ठरलेला सरासरी वेग आणि वेळ पाळण्याची स्पर्धा. ती साध्या, न बदललेल्या गाडीने करता येते आणि नॅव्हिगेशनची शिस्त शिकवते.

म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या मोटार क्लबांना माझी विनंती आहे की फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेने वर्षातून एक ऑटोक्रॉस इथे घ्यावी आणि तिच्या आदल्या दिवशी तपासनिसाला बोलावून मिस्त्रींसाठी केज आणि वेल्डिंगचा वर्ग ठेवावा. जिल्ह्यातल्या आयटीआयनी त्यात वेल्डर आणि फिटरचे विद्यार्थी पाठवावेत. आणि आलापल्ली, अहेरी, चामोर्शी, कुठेही शेडमध्ये जिप्सी उभी करून बसलेल्या मित्रांनो, इंजिन खोलण्याआधी एफआयएचे सुरक्षा नियम छापून भिंतीला लावा. पाइप घेताना चाचणी-प्रमाणपत्र मागा. दुकानदाराकडे ते नसेल तर पाइप तिथेच ठेवून दुसरं दुकान गाठा.